भुयाराची चाबी

११-११-७३, रविवार. कारंजा.

आज मायं नाव सरकारी रजिष्टरात लागलं. नुसतं नाव. सही नंतर घेतीन म्हणे.

झालं असं. अकोल्याहून वकीलसाहेब आले (पुढं व.सा. लिवीन, लंबा शब्द हाय). हे मजुरायचे वकील नाईत, मालकायचे हायेत. सीझन सुरू झाला का गावोगावच्या जिनिंगमधी फिरतेत, अन् सरकारचा फॅक्टरी इन्स्पेक्टर येण्याच्या आधी सारं कायद्यात बसवून देतेत. आमचे शेठजी त्याहिले लय मानतेत. व.सा.नं खिशातून पट्टी काढली अन् मशनीचे सारे पट्टे मोजले, एकएक. सहा इंचाच्या वरचा पट्टा चालू असताना कोणीच हात लावाचा नाई म्हणे. मंग भुयाराच्या दाराशी उभे राह्यले. वाकून अंदर पाह्यलं.

वर चाळीस रेचे हायेत, कपसातली सरकी काढाच्या मशनी. बाया वरतून कपूस लावतेत, रुई समोर पडते, सरकी खाली भुयारात. त्याच भुयारात या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडाचा शाफ्ट फिरते, अन् साऱ्या रेच्यायचे पट्टे त्याच्यावरूनच वर जातेत. आतापर्यंत हमीद मिस्तरी लुंगी खोचून अंदर जाये अन् चालू शाफ्टाले तेल देये. बाया बी चालू शाफ्टाखालूनच सरकी ओढत.

व.सा. म्हणाले, "शेठजी, हे आजपासून बंद. चालत्या शाफ्टजवळ एकच माणूस जाईल. पंधरा दिवस शिकवलेला, अंगाला घट्ट कपडे घातलेला, रजिस्टरात नाव असलेला. सरकी काढायची तर इंजिन बंद करून. बाकी वेळ दाराला कुलूप, आणि चावी त्या माणसाच्या गळ्यात."

शेठजीनं कपडे आधीच शिवून ठेवले होते. खाकी बंडी अन् हाफचड्डी, एकच जोड. टेलरले सांगतलं होतं जवान माणसाच्या मापाचे शिव. मिस्तरीच्या पोटावर बटनंच लागेना. मिस्तरी म्हणे, "इस उमर में चड्डी? मेरे पोते क्या बोलेंगे?" सारे हासले. मुनीम म्हणे, "वजनकाट्यावरच्या त्या वणीवाल्या पोट्ट्याले घालून पाहा."

तो पोट्टा म्हंजे मी. मले बरोबर बसले. बस, एवढ्यावर माया नंबर लागला.

१३-११, मंगळवार

मिस्तरीसंगं अंदर गेलो. चालू असताना.

काय लिवू. वाकून जा लागते, पाठ सरळ केली का डोकं वर लागते. शाफ्ट कमरेइतका उंच. फिरते तं फिरल्यावानी दिसतच नाई, नुसता चकाकते. तेच भेव. वरून सरकी अंगावर पडत राह्यते, तोंडात धूळ, अन् दोन्ही बाजूनं पट्टे. मिस्तरी कानात ओरडून सांगे, "बायाँ हाथ पीछे, कमर पे! एक हाथ का काम एकइच हाथ से! दूसरा लाया के गया!"

नऊ बेरिंग हायेत. मी तिसऱ्यापासूनच वापस फिरलो.

बाहीर आल्यावर मले वाटलं मिस्तरी हासन. नाई हासला. माया पायाकडं पाहून राह्यला होता. झारीतलं अर्धं तेल माया पायावर सांडेल, मले पत्ताच नाई.

"होता है," म्हणे. "मेरे को भी हुआ था."

१५-११, गुरुवार

मुनीमानं सही घेतली. पंधरा दिवस शिकवल्याचा कागद. म्या म्हटलं अजून तीनच दिवस झाले.

"अबे, कपसाच्या बैलबंड्यायची लाईन नाक्यापर्यंत गेली. कपूस पंधरा दिवस थांबन काय तुयासाठी? वकीलसाहेब येईपर्यंत शिकशीनच नं."

वाचाले गेलो. माई शाळा चौथीपर्यंत, बारीक छापेल अक्षर लागत नाई. नाव तेवढं वाचलं. देवमन. बापाचं नाव चुकेल होतं, ते बी सांगतलं नाई. सही केली.

चाबी सुतळीत ओवून गळ्यात घातली. छातीले थंडगार.

दारावर पाटी लागली, "आत जाण्यास सक्त मनाई". मुनीमानं साऱ्या बायायले उभं करून वाचून दाखवली अन् अंगठे घेतले. शेवंताबाई म्हणे, "अन् माया म्हशीले कोण वाचून दाखवन?" ही बाई दाराजवळच्या रेच्यावर बसते. तिचं म्हणणं बी खरं हाय. जी बाई भुयारातली सरकी ओढे तिले सांजीले ओटीभर सरकी भेटे, घरच्या ढोरासाठी. जुना रिवाज. बऱ्याच वर्षापासून हे काम शेवंताबाईच करे. दाराले कुलूप लागलं तशी तिची ओटी बी बंद.

सरकीसाठी इंजन दोनदा बंद कराचं असं व.सा. सांगून गेले. मुनीम म्हणते गर्दी ओसरू दे, मंग करू बंद. तवापर्यंत तूच ओढ, चालू असताना.

१७-११, शनिवार

आज गेलोच नाई. दार उघडलं, अंदर पाय ठेवला, तिथंच उभा. शंभरपर्यंत मोजलं. बाहीर आलो, कुलूप लावलं. मिस्तरीले सांगतलं, देल्लं तेल.

दुपारी बेरिंगचा वास सुटला, जळल्यावानी. कोणाले नाई समजलं. शेवंताबाईले समजलं.

"पोट्ट्या, तेल नाई देल्लं तू."

"देल्लं."

"माया नाकाले नको शिकवू. भेतं काय?"

म्या चाबी बंडीच्या अंदर सारली.

"भेते त्याच्या गळ्यात चाबी, अन् भेत नाई तिची ओटी बंद. काय अक्कल हाय एकएकाची!"

पळून जाचं मनात आलं. यवतमाळच्या हाटेलातून पळालो, चुन्याच्या भट्टीवरून पळालो, सडकेच्या कामावरून बी. माया पाय एका जागी टिकतच नाई. पण तिथं कोणाले मायं पुरं नाव माईत नव्हतं. इथं कागदावर हाय. पळालो तं पोलीस येतीन काय घरी? कोणाले इचारू?

१९-११, सोमवार

दार उघडून देल्लं शेवंताबाईले.

सरकी दारापर्यंत चढली होती. मी हातात दाताळं घेऊन उभा, पाय उचलेना. तिनं रेचा शेजारणीले पाहाले सांगतला. कासोटा कसला, पदराचे कमरेले दोन येढे घेतले, माया हातून दाताळं घेतलं. तेलाची झारी बी घेतली. "तू मुनीमाकडं पाह्य," म्हणे. मी दारात उभा, आडोसा करून.

नऊच्या नऊ बेरिंगले तेल देऊन आली. केसात सरकी. "झालं. आता माई ओटी."

भरून देल्ली. मुनीमाच्या नजरेआड.

आजपासून अशा दिवशी वहीत × करीन. शब्द लिवाची लाज वाटते.

२०-११ ×

२१-११ ×

२२-११, गुरुवार

आज आपणच गेलो. पाच बेरिंग झाले. सहाव्याच्या बाजूले एका पट्ट्याचा जोड हाय, तो फिरून आला का फडाक् वाजते. दर वेळी वाटते आपल्यालेच लागला. वापस. मंग ×.

२५-११, रविवार

इंजन बंद, सुट्टी. बाकीचे बाजारात गेले. मी चाबी घेऊन भुयारात गेलो, एकटा. शाफ्टावर हात ठेवून बसलो. थंड, तेलकट, गरीब वाटते बंद असला का. नऊ बेरिंग हातानं चाचपले. डोळे झाकून बी जाता येते मले या टोकापासून त्या टोकापर्यंत. डावा हात पाठीमागं, मिस्तरीनं सांगतला तसा.

बंद असलं का मी बहादूर.

भावाचं कार्ड आलं. माय साऱ्या गावात सांगत फिरते म्हणे, माया देवमनचं नाव सरकारात लागलं. म्याच लिवलं होतं तसं. काहून लिवलं असंन.

२८-११, बुधवार

व.सा. आले. दार पाह्यलं, कुलूप पाह्यलं, पाटी पाह्यली. सरकी साफ, बेरिंग थंड. खुश झाले. रजिष्टर उघडून मले समोर बोलावलं. मुनीम माया पाठीमागं उभा.

"किती दिवस शिकलास?"

"पंधरा."

"भीती वाटते का आत?"

आजपर्यंत असं कोणी इचारलं नव्हतं. म्या म्हटलं, नाई.

व.सा.नं रजिष्टर मिटलं. "वाटायला पाहिजे. ज्याला वाटत नाही त्याला मी आत पाठवणार नाही."

काय सांगाचं माणसानं?

बॅग घेऊन स्टँडपर्यंत गेलो संगं. रस्त्यानं ते आपणच बोलत होते. लय वर्षापयले एका जिनमधी माणूस गेला शाफ्टात. केस चालली, ते मालकाकडून होते, जिंकले. कोर्टाच्या पायरीवर त्या माणसाची बायको बसेल होती. तिले माईत बी नव्हतं हे कोण. तिनं त्याहिलेच इचारलं, "दादा, आमच्या गावची गाडी कवा हाय?"

"मी तिला वेळ सांगितली," म्हणे. "तेव्हापासून मी आधी येतो, देवमन. नंतर येऊन काही खरं नसतं."

सांगाचं होतं तवाच. तोंडापर्यंत आलं होतं. गाडी लागली.

३-१२, सोमवार

× × ×. तीन दिवसाचे एकखट्टी.

शेवंताबाई म्हणते, "शाफ्ट माया सवतीवानी हाय, रोज तोंड पाहा लागते तिचं." बाया हासतेत. मी बी हासतो. पण ती अंदर असली का मी मोजत राह्यतो. दोनशे चाळीसच्या आसपास बाहीर येते. आज दोनशे सत्तर झाले तरी नाई आली. कुलपाले धरून उभा राह्यलो. सरकी जास्त होती म्हणे.

"तोंड काहून पांढरं पडलं बे? मी का मेल्ती?"

असं बोलू नको म्हटलं.

पयले मले मायंच भेव वाटे. आता दाराबाहीर तिचं बी वाटते. मंग काय फायदा झाला?

उद्या मिस्तरीले सांगतो का मले अजून शिकव. उद्या नक्की.

५-१२, बुधवार

नाई सांगतलं. ×

९-१२, रविवार

काल लिवता आलं नाई.

काल सकाळी गर्दी लय होती. सरकी दारापर्यंत. शेवंताबाई अंदर गेली. मी मोजत होतो. दोनशे दहाले आवाज बदलला. पट्ट्याचा नाई, तिचा बी नाई. शाफ्टाचा. जड झाल्यावानी.

मी ओरडलो का नाई, आठवत नाई. मिस्तरी इंजनाकडं धावला, इंजन बंद केलं. पण इंजन बंद केलं तरी शाफ्ट लगेच थांबत नाई. फिरतच राह्यते. किती येळ फिरला.

अंदर गेलो. सहाव्या बेरिंगजवळ होती. कमरेचा पदर सुटून शाफ्टाले गुंडाळेल, अन् त्याच्यासंगं उजवा हात, कोपराखालून. तवा मले भेव वाटलं नाई. कारण का...

शुद्धीत होती. मले म्हणे, "लुगडं सोडव पोट्ट्या, सारे पाहून राह्यले."

मिस्तरीनं चाकूनं लुगडं कापलं. शेठजी आपली जीप घेऊन सोता आले. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. रस्ताभर शेठजी तिचं डोकं धरून बसेल होते म्हणते ड्रायव्हर.

चाबी कुलपातच लटकेल होती. म्या काढली अन् गळ्यात घातली. काहून घातली? कोणी पाह्यलं नाई. मिस्तरीनं पाह्यलं.

१०-१२, सोमवार

हात काढला. जीव वाचला.

व.सा. धाच्या गाडीनं आले. पयले इन्स्पेक्टरच्या हापिसाले अपघाताची नोटीस लिवली. मुनीम म्हणे, दोन दिवस थांबून पाहू. व.सा.चा आवाज पयल्यांदा चढलेला ऐकला, "दोन दिवसांनी काय तिला हात उगवणार आहे?" नोटीस गेली.

मंग एकएकाले अंदर बोलावलं. माया नंबर दुपारी आला. दोघंच होतो.

"दार कोणी उघडलं?"

"मले माईत नाई. चाबी माया गळ्यात होती."

असंच निघालं तोंडातून. आधी ठरवलं नव्हतं, कसम.

व.सा. लिवणार होते. त्याहिनं पेन खाली ठेवला.

"देवमन, नीट ऐक. मी शेठजींचा वकील आहे. तुझा नाही, त्या बाईचाही नाही. तू जे सांगशील ते मला शेठजींच्या बाजूनं वापरावं लागेल. म्हणून आज लिहून घेत नाही. गुरुवारी येतो, तेव्हा तुझं बयान घेईन. तोवर विचार कर. कोणाला विचारायचं असेल तर विचार."

कोणाले इचारू? आतापर्यंत मले वाटे ते मायेच वकील हायेत. त्याहिची बॅग मीच उचलतो.

बाहीर येऊन खिडकीखाली बसलो. अंदर शेठजीले सांगत होते, "दोन गोष्टी संभवतात. आपल्या माणसानं दार उघडून दिलं असेल तर भरपाई आपल्यावर, आणि त्या पोरावरही केस होऊ शकते. बाईनं मनाई माहीत असून, चावी घेऊन, आपल्या मनानं उघडलं असेल, तर भरपाई द्यायला आपण बांधील नाही. पाटी आहे, तिचा अंगठा आहे."

शेठजी म्हणे, "अन् खरं काय हाय?"

"ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही."

शेठजी शनिवारपासून धड जेवले नाईत म्हणते मुनीम. मुनीम जेवते.

११-१२, मंगळवार

शेठजीनं मिस्तरीच्या मापाचे कपडे एका दिवसात शिवून आणले. मिस्तरीनं आज चड्डी घातली. कोणी हासलं नाई. सरकीसाठी इंजन दोनदा बंद केलं. आता करतेत.

माया हाताले काम नाई. काट्यावर बी बोलावत नाई कोणी. चाबी मुनीमानं मागून घेतली. छाती हलकी वाटाले पाह्यजे होती.

दुपारी मिस्तरी बाजूले येऊन बसला. बिडी पेटवली.

"चाबी को पाँव फुटे क्या रे?"

मी त्याच्याकडं पाह्यलं नाई.

"वकील मेरे को पूछे. मैं बोला, मैं इंजन पे था. सच्चीच था. आगे का मैं नहीं बोला."

"काहून नाई बोलले?"

"तेरा मुँह नहीं क्या?" बिडी विझवली. "गलती मेरी भी है. तीन दिन में कौन सीखता है. मैं उस दिन चड्डी पहन लेता तो..." मंग उठून गेला.

मिस्तरी असं बोलला त्याच्यापेक्षा दोन थापडा मारत्या तं बरं झालं असतं.

१२-१२, बुधवार

अकोल्याले जाऊन आलो. कोणाले इचारलं नाई, सकाळची गाडी धरली.

मोठ्या खोलीत, खिडकीच्या बाजूले खाट. उजव्या बाजूनं चादर सपाट. तिची अनसिंगले देल्लेली पोरगी आलेली हाय, लेकरू कडेवर. मले पाहून शेवंताबाई म्हणे, "आला काय. बस. संत्रं खाशीन?"

मले रडू आलं. तिनं पोरीले सांगतलं, "यालेच भेव वाटे. यानं मोजून मोजून मले अंदर पाठवलं." हासून सांगतलं. मले मातीत जावं वाटलं.

मंग म्हणे, "काल वकील येऊन गेले. म्या सांगतलं, पोट्टा आंग धुवाले गेल्ता, खुटीवरची चाबी म्याच घेतली."

"काहून असं सांगतलं?"

"तुयं नाव सरकारात लिवेल हाय बाबू. तुले धरतीन. मायं नाव कुठी बी नाई. मले काय धरतीन?"

हिशोब बरोबर करून बसेल होती ती मनात. लय हुशारी केली असं तोंडावर दिसत होतं. वकिलायले फसवलं.

म्या सांगतलं. खिडकीखाली ऐकलं ते सारं. तुमी आपल्या मनानं उघडलं असं लिवलं तं शेठले काई द्या लागत नाई. पोरीचं लेकरू रडत होतं, तिनं त्याले गप करणं सोडून देल्लं.

"म्हंजे म्या म्हटलं म्हणून नाई भेटत?"

"हो."

"अन् तू म्हटलं तं?"

"भेटन."

"अन् तुले?"

"केस होईन म्हणतेत. पुढचं मले माईत नाई."

तिनं पोरीकडं पाह्यलं. "म्हैस हिच्या हाताले दूध नाई देऊन राह्यली. लाथा मारते." मंग मलेच इचारलं, "एका हातानं पान्हावते काय रे म्हैस?"

मले काय माईत. आमच्या घरी म्हैस नव्हती कवाच.

म्या म्हटलं, वकिलाले पुन्हा सांगा, खरं सांगा. मान हालवली. "डावा अंगठा देल्ला त्या कागदावर. एकदा देल्ला तो देल्ला. दोनदा दोन गोष्टी सांगतल्या तं मलेच खोटं म्हणतीन. तुले सांगाचं ते तू सांग. नाई सांगतलं तं म्या काई म्हणत नाई."

अन् खरंच ती काई म्हणणार नाई. तेच तं.

निघालो तवा पोरगी व्हरांड्यापर्यंत आली. तिनं आवाज चढवला नाई. "भाऊ, मायले जे समजलं ते तिनं केलं. तिले अक्षर येत नाई. तुमाले तं लिवता-वाचता येते नं?"

१३-१२-७३, गुरुवार. सकाळ. एस.टी. स्टँड.

पेन्सिलीनं लिवून राह्यलो. बाकड्यावर बसेल हाव.

अकोल्याची गाडी धाले येते, व.सा. तिनंच येतीन. यवतमाळची समोर उभीच हाय, थोड्या येळानं सुटते. व.सा.ची बॅग घ्याले येतो तसाच आलो. फरक एवढाच का आज माई पेटी बी संगं आणली. गेटवर मुनीमानं पेटी पाह्यली. म्हणे, "जाऊन राह्यला? बरं हाय. घरी माय वाट पाहात असंन." इतक्या गोडीनं तो आजपर्यंत बोलला नव्हता.

काल रस्ताभर जोडून पाह्यलं. म्हणीन, साहेब, दार म्या उघडून देल्लं. ते इचारतीन, काहून. मंग सांगा लागन का मले भेव वाटे. म्हणून बाईले पाठवे. रोज. नुसतं एक दिवस नाई. वहीत किती × हायेत ते म्या मोजले नाई अजून.

जेलाचं भेव हाय का त्या एका वाक्याचं, मले समजून नाई राह्यलं. भुयाराच्या दारात शंभरपर्यंत मोजलं होतं, तसंच इथं बी मोजून राह्यलो.

गेलो तं मागं एकच कागद राहीन, तिच्या डाव्या अंगठ्याचा. शेठजी देवमाणूस हायेत, आपण होऊन देतीन काईतरी. देतीन काय? मुनीम देऊ देईन काय? अन् व.सा. काय करतीन, ते तं शेठजीचेच वकील. त्याहिनंच सांगतलं. सांगाची गरज नव्हती तरी सांगतलं.

मले कोणी इचारलंच नसतं तं बरं झालं असतं.

हमाल आला. "यवतमाळ?" म्या हो म्हटलं का नुसती मान हालवली, माईत नाई. त्यानं पेटी उचलली अन् टपावर चढवली. दोरी बी बांधून राह्यला.

अकोल्याची आली. धूळ. लोकं उतरून राह्यले. व.सा. मागच्या दारात, बॅग छातीशी. मले पाह्यलं. हात वर केला.

इकडं कंडक्टर घंटीची दोरी धरून उभा. "चला दारव्हा-यवतमाळ! ओ पेटीवाले भाऊ, पेटी एकटीच पाठवता काय?"

खिडकीतले सारे हासून राह्यले.

व.सा. इकडंच येऊन राह्यले. बॅग अजून त्याहिच्याच हातात हाय.